वाटेत पोरीचं गाव

बयनाबाई : पुना थांबले? आता काय झालं जी?

खुशाल : मागच्या चाकात हवा कमी वाटते.

बयनाबाई : निर्मळ सोडल्यापासून तिसऱ्यांदा हवा पाहून राह्यले तुमी. भैंसा आलंच आता, अन् तथून विशाखाचं गाव दोन कोस बी नाई.

खुशाल : ऊन आहे. जरा बस या बाभळीखाली.

बयनाबाई : बसते. मांड्या भरून आल्या, पन सांगू का, बरं वाटते. तामसीहून निघालो तवा बाया तोंडाले पदर लावून हासल्या. म्हने बालवाडीची बाई मास्तरासंगं सायकलवर फिराले चालली. हासू द्या. कुंटाळ्याचा धबधबा पाह्यला, घाटातून बिरीक दाबत खाली आलो. तेवीस वर्सांत तुमी मले आदिलाबादच्या पुढं नेलं नव्हतं.

खुशाल : बयना, एक सांगायचं आहे.

बयनाबाई : अन् आता पोरीचं घर. वर्स होऊन गेलं तिले पाह्यले. तिले ठावं बी नाई आपुन येऊन राह्यलो ते.

खुशाल : तिचं पत्र आलं होतं.

बयनाबाई : कवा?

खुशाल : चैत्रात. शाळेच्या पत्त्यावर.

बयनाबाई : चैतात? आता दसरा आला तोंडावर. मले काऊन नाई दाखवलं?

खुशाल : पाचवा महिना आहे, असं लिहिलं होतं तिनं. सासू विहिरीचं पाणी भरायला लावते, जावई हात उचलतो. बाबा, मायला घेऊन या आणि मला घरी न्या, असं होतं.

बयनाबाई : मायी पोरगी पाच म्हयन्याची होती. चैत, वैशाख, जेठ, आखाड, सरावन, भादवा... अवो, म्हंजे ती बाळंतीन झाली असंन.

खुशाल : माहीत नाही. मी उत्तरच दिलं नाही.

बयनाबाई : उत्तर बी नाई?

खुशाल : शीलाची सोयरीक चालू होती तेव्हा. थोरली नवरा सोडून घरी येऊन बसली म्हटल्यावर धाकटीला कोणी पाहिलं असतं? वाटलं, हे लग्न उरकू, मग थोरलीला आणू. लग्न जेठात झालं. मग जायला तोंड राहिलं नाही.

बयनाबाई : बहिनीच्या लग्नाले विशाखा आली नाई, तवा जावयाले रजा नाई म्हनून तुमीच सांगतलं मले.

खुशाल : हो.

बयनाबाई : चैतातच जयंती झाली. मंचावर उभे राहून तुमी अर्धा घंटा बोलले. पोरी शिकवा, पोरीवर जुलूम झाला तर गप बसू नका. तवा पत्र कुठं होतं?

खुशाल : खिशात.

बयनाबाई : म्हनून ही फेरी काढली तुमी. धबधबा, घाट.

खुशाल : एकट्यानं जायची हिंमत होईना. तुला घरी बसून सांगायचीही होईना. वाटलं, वाटेत सांगीन. पहिल्याच दिवशी इच्चोड्याला सांगणार होतो. तू खुशीत होतीस.

बयनाबाई : होती मी खुशीत. उठा.

खुशाल : बयना...

बयनाबाई : हवा हाय तुमच्या चाकात. चला.

(दिवस कलताना, विशाखाच्या अंगणात. दोन्ही सायकली कुडाला टेकलेल्या.)

विशाखा : पानी घ्या. गूळ नाई घरात.

बयनाबाई : राहू दे. घरी कोनी नाई का?

विशाखा : सासू कापसाच्या वेचनीले गेली, हे कचेरीत. येतीन दिवस बुडता.

बयनाबाई : हात पाहू तुया. मनगट वाकडं काऊन हाय?

विशाखा : मोडलं होतं. गावातल्या एकानं बांधलं, तसंच बसलं.

बयनाबाई : विशाखा, लेकरू कुठं हाय?

विशाखा : तुले कोनं सांगतलं?

बयनाबाई : कुठं हाय माय?

विशाखा : नाई. आखाडात गेलं. आदल्या दिवशी ह्यानं ढकललं होतं, कमरीत जोर नव्हता. तरी सासूनं विहिरीवर धाडलं. घागर घेऊन पायऱ्यावर पडली मी. आठवा लागला होता. पोरगी होती. डोये उघडलेच नाई तिनं.

बयनाबाई : आमाले कोनी कयवलं नाई व माय.

विशाखा : दुसरं पत्र लिवाले बसली तवाच ह्यानं हा हात मोडला. पयलं मात्र टाकलं होतं म्या, चैतात, बाजाराच्या दिवशी. ते हरवलं.

खुशाल : विशाखा...

विशाखा : हरवते कवा कवा, बाबा. मी रोज दारात उभी राहून पोष्टमनची वाट पाहे. मंग सोडून देलं. मनात म्हने, मायबापाले ठावं असतं तर पायी आले असते.

बयनाबाई : सांगा तिले.

खुशाल : आत्ताच कशाला, बयना?

बयनाबाई : सांगा. नाईतं मी सांगते.

खुशाल : पत्र हरवलं नव्हतं, बेटा. पोचलं होतं. मी वाचलं होतं.

विशाखा : मायनं?

खुशाल : तिला आज कळलं, वाटेत.

विशाखा : शीलाचं जमत होतं तवा, नाई का?

खुशाल : हो.

विशाखा : झालं तिचं?

खुशाल : झालं.

विशाखा : नवरा बरा हाय?

खुशाल : बरा आहे.

विशाखा : चांगलं झालं. पन ते पत्र हरवलेलंच बरं होतं, बाबा.

बयनाबाई : ऊठ. तोंड धू, केस बांधून देते तुये. आपुन चोरून जानार नाई. दिवस बुडंपर्यंत इथंच बसू, ते दोघं आले की त्याईच्या तोंडावर सांगू अन् निघू. आज भैंशात राहू.

खुशाल : मी बोलतो जावयाशी.

बयनाबाई : तुमाले बोलाचं होतं ते चैतात. आज मी बोलते.

विशाखा : ते ऐकनार नाईत, माय.

बयनाबाई : त्याईनं ऐकलं नाई तरी तू चालली.

खुशाल : विशाखा, माझ्या सायकलवर बस. तुझ्या मायला दोघींचं ओझं झेपणार नाही.

विशाखा : मायच्या मांगं बसते. चढावर उतरून चालीन.

खुशाल : मग सामान तरी माझ्याकडं दे.

विशाखा : सामान काई नाई, बाबा.