गोदावरीबाईंचं तिकीट

मंडळी, सरकून बसा. मागच्या ताई, बाळ समईकडे रांगतंय, ओढा त्याला. हं. आता आजचा प्रश्न. जे हाताशी आहे, कधीही जाऊन बघता येईल म्हणून आपण पुढे ढकलतो, ते आपल्यासाठी थांबतं का? लगेच मान हलवू नका. आधी आख्यान ऐका.

कातळवाडी नावाचं गाव. मागे डोंगर, डोंगरात लेणं, लेण्याच्या छतावर रंगवलेले हंस. किती? तेवीस. हे सांगायचे रामजी. रामजींचं काम काय, तर आरसा धरायचा! आत अंधार, दिवे नव्हते तेव्हा. हे बाहेर उभे राहायचे, आरशाने ऊन उचलायचे आणि थेट छतावर टाकायचे. पाहुणे बघायचे, वा वा करायचे.

रामजींची लेक रोज भाकरी घेऊन यायची. "बाबा, मला दाखवा की हंस."

"आज गर्दी आहे गं. पुढच्या वेळी."

दारातलंच आहे, पळून जातंय थोडंच? पुढच्या वेळी, पुढच्या वेळी — आणि सोळाव्या वर्षी लेकीचं लग्न झालं. गेली लांब, परभणीकडे.

पन्नास वर्षं लोटली, मंडळी. ती लेक आता सासू आहे, शकुंतलाबाई खंदारे. डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, नजर कडेकडेने मिटत येतेय, गेलेली परत मिळत नाही. घरी येऊन बाई एवढंच बोलल्या, "हंस राहिले."

हे कुणी ऐकलं? मुलाने? माधवराव मोबाइलमध्ये. हसू नका, आपापल्या मांडीवर काय आहे ते बघा. ऐकलं सुनेने, वृषालीने. तिने शोधाशोध केली. आता रंग उडू नयेत म्हणून त्या लेण्यात दिवसाला चाळीसच माणसं सोडतात. तिकीट नावानिशी, महिनाभर आधी काढायचं.

माधव म्हणाला, "लेण्याला कसलं बुकिंग? आईचं माहेर आहे ते. दारावर मामांचं नाव सांगू."

"मामांच्या नावाने चाळिसाचे एक्केचाळीस होतात का हो?"

दोन दिवस तिकिटं डोळ्यांदेखत संपली. तिसऱ्या दिवशी ती शेजारणीचाही फोन घेऊन बसली आणि तीन जागा मिळवल्या. छापील प्रती दोन. डोळ्यांचे थेंब, काठी, टोपी, पाणी. काही म्हणजे काही विसरली नाही.

पोचले दारावर. तिथे घुले म्हणून गृहस्थ, हातात यादी. बाईंनी पिशवीतून आपलं ओळखपत्र काढून दिलं. घुल्यांनी एकदा कार्ड बघितलं, एकदा तिकीट.

"हे गोदावरी खंदारे यांचं कार्ड आहे. तिकीट शकुंतला खंदारेंचं. तुमच्या जाऊबाईंचं तिकीट आणलंत का?"

माधव म्हणाला, "गोदावरी कोण?"

बाई म्हणाल्या, "मी."

बघा मंडळी, लग्नात नाव बदललं. पुढे भावाकडे राहायला गेल्या असताना तिथल्या शिबिरात कार्ड निघालं, भावाने त्याला ठाऊक होतं ते नाव सांगितलं. चाळिशीतल्या मुलाला आईचं नाव दारावरच्या माणसाकडून कळलं!

वृषालीचा चेहरा उतरला. "आई, तुम्ही बोलला नाहीत कधी?"

"कुणी विचारलंच नाही बाई."

तिने हवामान विचारलं, पायऱ्या किती ते विचारलं. ज्यांच्यासाठी तिकीट काढलं, त्यांना मात्र विचारलं नाही.

घुले म्हणाले, "ताई, नियम मी केलेला नाही. पुढची रिकामी जागा दोन महिन्यांनी आहे."

माधव म्हणाला, "जाऊ दे आई. पुढच्या वेळी येऊ."

पुढच्या वेळी! पन्नास वर्षांनी तेच शब्द, त्याच दारात. वृषाली म्हणाली, "नाही. आजच." तिने सासूचा उजवा हात धरला, बांगड्या वर सारल्या. भाकरी थापताना रोज दिसणारं गोंदण — शकुंतला. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत बाईंच्या सासूने गोंदवलेलं, नव्या सुनेने नवं नाव विसरू नये म्हणून.

"कार्डावरचा फोटो यांचा आहे ना? आणि हा हात?"

घुल्यांनी फोटो बघितला, हात बघितला, पुन्हा फोटो. "कार्डावरचं नाव बदलून मिळतं," ते म्हणाले, "हे नाही पुसता येत." यादीत शकुंतलापुढे त्यांनी 'ऊर्फ गोदावरी' लिहिलं, सही केली आणि बाजूला झाले.

आत मंद दिवे. बाई मान वर करून मोजू लागल्या. एक, दोन... एकोणीस. थांबल्या. "बाबा तेवीस म्हणायचे." उरलेले कडेला होते, जिथे त्यांची नजर आता जात नाही. वृषालीने हनुवटीला हात लावला, चेहरा हळूच वळवला. "आई, इकडे." वीस. एकवीस. "आता या बाजूला." बावीस. तेवीस.

बुकिंग म्हणजे काय, मंडळी? जागा धरून ठेवायची. तुमच्या घरात कुणाची जागा धरायची राहिली आहे? आज जेवायच्या आधी दोन प्रश्न विचारा. आई, तुझं आधीचं नाव काय होतं? आणि तुला काय बघायचं राहिलंय?

टाळ घ्या हातात. गजर करू. पण त्याआधी प्रत्येकाने आपल्या आईचं माहेरचं नाव मनात घ्या. ज्यांना आठवत नाही त्यांनी बाहेर जाऊन फोन लावा. तुम्ही परत येईपर्यंत गजर थांबेल.