दुसरी शेकोटी

काशीदच्या दवाखान्यात माझ्या शेजारी पायाला पट्टी बांधलेली कोळीण बसली होती. तिला गाडीवरून घेऊन आलेला, किनाऱ्यावर पर्यटकांना तंबू देणारा तंबूवाला समोर उभा होता.

"विनेश, काल थंडीत पाहुण्यांनी पेटवलेली शेकोटी नीट विझवलीस?"

"बादलीभर पाणी ओतलं, काकी."

"पाण्यानं राखेचा चिखल व्हतो. मी सकाळी मासळी सुकत घालाया गेले, तर वर कोरडी वाळू आन् खाली निखारे."

"वाऱ्यानं आली असेल वाळू."

"आन् त्यांनीच पल्याड पेटवलेली ती दुसरी शेकोटी?"

"तिच्यावर पण पाणीच ओतलं."

"मग चपला काढून तिच्यावरनं चालून दाखव."

"दाखवतो की."

"चल, आत्ताच."

"थांबा काकी, आधी एक फोन करतो. तिथं पोरं क्रिकेट खेळतायत."