हिल्माबाईचं बेटावरचं घर

आधी मला कोणीतरी हे सांगा, घर माणसांनी राहायला असतं की तिकीट काढून बघायला? आठ दिवस विचारतेय. डॉक्टरसाहेब म्हणतात, "भिकुबाई, ते भाषणात नको." मग कुठे विचारू, नदीवर धुणं धुताना?

बरं, नावं घ्यायची राहिली. अध्यक्षस्थानी बसलेले शेठ उमेदमलजी, दवाखान्याचे डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, जिच्यासाठी हा मांडव घातला ती आमची नर्स हिल्माबाई, आणि उन्हात बसलेल्या आपल्या प्रकाशे गावच्या बायाबापड्यांनो, सर्वांना नमस्कार. माझी शाळा दुसरीपर्यंत. तेवढ्यात बसेल तेवढं बोलते.

हिल्माबाई फिनलंड देशाची. वीस वर्षं तिने गावाची बाळंतपणं केली, त्यातली तीन माझी. गुण गायला पुष्कळ मंडळी आहेत. मी तिच्या घराचं बोलणार, कारण ती "कायमची घरी चालले" म्हणते आणि मला ते पटत नाही.

तिच्या बापाचं घर ओंडक्यावर ओंडका रचलेलं, फटींत शेवाळ कोंबलेलं. भिंती धुराने काळ्याकुळकुळीत. तिकडे भाकरीला मधे भोक पाडतात आणि आढ्याखालच्या काठीत ओवून ठेवतात. मी म्हटलं, "भाकरी शेतीस का बांगड्या वं?" अंगणात न्हाणीघर वेगळं. तापल्या दगडांवर पाणी मारून वाफ करायची, आणि बाया त्याच उबेत बाळंत व्हायच्या. हिल्माबाईचा जन्म तिथलाच. आमच्या बाळंतिणीच्या खाटेखालची शेगडी बघून आधीच्या नर्सने नाक मुरडलं होतं, हिने म्हणून तर खाली बसून निखारे सारखे केले.

तर पौषात तिच्या भावाने फोटो पाठवला. काही वर्षांमागे बाप गेल्यावर तिकडच्या लोकांनी ते घर उतरवलं, एकेका ओंडक्यावर खूण घातली, आणि त्यांच्या राजधानीजवळच्या बेटावर होतं तसं पुन्हा उभं केलं. जुनी राहणी लोकांना तिकीट काढून बघता यावी म्हणून. भावानेच राजीखुशीने दिलं. फोटोत दाराला आडवी दोरी, आत पलंग, पाळणा, सगळं जागच्या जागी. माणूस एक नाही. माझ्या शेजारच्या रमिलाबाईने विचारलं, "तठे चूल कोन पेटाडस?" हिल्माबाई म्हणाली, "चूल पेटाडानी मनाई शे."

झालं! चूल बंद म्हणजे त्या घरात मौत. आपल्याकडे दुसरं काय समजतात? दुसऱ्या दिवशी आम्ही बाया डोक्यावर पदर ओढून तिच्या दारावर बसायला गेलो. मौतीच्या घरी नेतात तसा पिठलं-भाकरीचा कडू घास बांधून नेला. रमिलाबाईने तर गळा काढलासुद्धा.

हिल्माबाई धावत बाहेर आली. "काय व्हयनं वं? कोनी मरनं नही!" मग इतकी हसली, की ओट्यावरच बसली. आमच्यासोबत ती भाकरी तिने खाल्ली. खाता खाता हसणं कधी थांबलं, कळलं नाही. म्हणाली, "भिकू, तो पाळना मन्हा शे. पन मी गऊ ते मालेबी दोरीना बाहेरच उभं ऱ्हानं पडी."

बेटावरच्या लोकांवर माझा राग नाही, डॉक्टरसाहेब, घाबरू नका. परक्या माणसांनी हिचा पाळणा जपला, उपकारच झाले. पण तिथे ती निजणार कुठे? भाऊ शहरात, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत सहा माणसं. त्याला घर म्हणायचं असेल तर म्हणा.

माझ्या घराची उगवतीकडची खोली मुलगी सासरी गेल्यापासून रिकामी आहे. मालकांना विचारलंय. विचारलं नाही, सांगितलंय. हिल्माबाई, तू खुशाल जा. बापाच्या भिंतीवरून हात फिरव, भावाला भेट. पण पुढच्या आखाजीच्या सणाला गावच्या लेकी माहेरी येतील, तेव्हा तू त्यांच्यात पाहिजेस. आगबोटीचं मला काही कळत नाही, ते तुझं तू बघ.

मांडव घालणाऱ्यांचे, चहा करणाऱ्यांचे आभार. अध्यक्षांनी मला मधे थांबवलं नाही, त्यांचेही आभार. काही वेडंवाकडं बोलले असेन तर पोटात घाला.

आणि हिल्माबाई, तुझी मोटार बुधवारी. मला उत्तर सोमवारी सकाळी पाहिजे, दवाखान्यात जायच्या आधी. "बघू" म्हणालीस तर चालणार नाही. येणार असशील तर मी जमीन सारवून घेते. नसशील तर त्याच दिवशी खोलीत कडबा भरते.