पुढची सीट

माझी गाडी सर्व्हिसिंगहून येईपर्यंत मी शोरूममधल्या सोफ्यावर बसलो होतो. शेजारी व्हीलचेअरवर एक आई होती आणि तिचा चाळिशीतला मुलगा.

"आई, ही मोठी गाडी बघ. हिला मागून रॅम्प निघतो. खुर्चीत बसल्याबसल्या तू थेट आत."

"आणि मागेच बसायचं? पोत्यासारखं?"

"पोत्याला खिडकी मिळत नाही. तुला दोन मिळतील."

"मला ती छोटी आवडली. तुझ्याशेजारी पुढे बसेन. आत्तासारखंच मला उचलून बसव आणि खुर्ची डिकीत टाक."

"ही जास्त सोयीची आहे गं."

"कुणाच्या सोयीची?"

"तुझ्याच."

"मग काल मला उचलताना दात का आवळलेस?"

"कुठे काय."

"पाठ दुखतेय ना?"

"मणक्याची गादी सरकलीय थोडी. डॉक्टर म्हणाले, वजन उचलू नका."

"कधी म्हणाले?"

"महिना झाला."

"आणि महिनाभर उचलतोयस? मला सांगायला काय झालं होतं?"

"तुला वाटलं असतं, आपलं ओझं झालंय."

"त्यात वाटायचं काय? बासष्ट किलो आहे मी."

मग तिने सेल्समनला हाक मारली.

"अहो, मागे बसल्यावर समोरचा रस्ता दिसतो का?"

"दिसतो, काकू. खुर्ची मधोमध येते."

"मग ठीक आहे. याला मागून सूचना देता येतील. चला, मला चढवून दाखवा."

"थांब आई, मी ढकलतो."

"तू बाजूला हो. अहो, तुम्हीच ढकला. याला हात लावू देऊ नका."