बाटलीवरची साखर

अरे, मंगळवार पेठेतल्या आमच्या मावशीची शुगर तपासली, तर आकडा बघून डॉक्टरांनी कपाळालाच हात लावला. काकांनी तिथंच तिला झापलं, "चोरून पेढं खातीस व्हय गं?"

मावशी रडकुंडीला आली. "अंबाबाईची शपथ, मिठाईला हात लावला न्हाय!"

काकांचा विश्वास बसेना. मावशीनं चहा सोडल्यापासून तेच बिचारे रोज सकाळी दुकानातून तिच्यासाठी केशर-बदाम दुधाची बाटली आणायचे. दुधानं ताकद येते म्हणून समोर बसून प्यायला लावायचे.

परवा मी गेलतो, तेव्हा ती बाटली सहज हातात घेतली. मागं बारीक अक्षरात दुधाखालोखाल साखरच लिहिलेली! मी हादरलोच. म्हटलं, "काका, ह्यात वरनं साखर घातलीया. चार चमचे तरी असंल."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. मटकन खाली बसले. "म्हंजे इतकं दिवस मीच तुला मारत हुतो की गं!"

मावशीनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "व्हय, पण लई गोड मारत हुतासा!"