पंचमीचं कार्ड

माझं माहेर खानापूरकडचं. वडील लाकडाच्या वखारीत कामाला, आम्ही पाच बहिणी, आणि घरात मिळवणारा एक नि खाणारी सात, म्हणून आईनं मला स्वयंपाकाच्या आधी बाजार शिकवला. सकाळी बाजारात जायचं नाही, दिवेलागणीच्या आधी जायचं, बाया पोती आवरायला लागल्या की वांगी अर्ध्या भावावर येतात. मिरची देठासकट घ्यायची, देठं घरी खुडायची. अख्खा तांदूळ कशाला, कणीचा भात पण पोटात भातच होतो. असलं सगळं घेऊन मी सासरी आले, दुसरं काही आणायला नव्हतंच.

सासर धारवाडचं, रायापुरात. हुबळी रस्त्याला लागून भाड्याच्या दोन खोल्या, बस थांबली की हॉर्न थेट चुलीपर्यंत. आमचे हे जवळच बेलूरला कारखान्यात. घरात सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, आणि पुढं माझ्या दोन मुली. नणंद एकच, शालन, ती गदगला दिलेली. महिन्याचा बाजार माझ्याकडं. किराणा दुकानदार कानडीत म्हणायचे, अक्का, तुम्ही पायरी चढलात की माझा तराजू थरथरतो बघा. सगळं दुकान हसायचं, मी पण हसायची. खरं सांगू का, मला त्याचा अभिमान वाटायचा. पगार कमी पडला असं ह्या घरात मी कधी होऊ दिलं नाही, असं चारचौघींत म्हणायची मी.

आता पंचमीचं सांगते, नागपंचमीचं. तुम्ही इकडचे, तुम्हाला ठाऊक आहे, पण लिहून घेताय म्हणून सांगते. आमच्याकडं दिवाळीपेक्षा पंचमी मोठी. लेकीला माहेरी आणायची, भाऊ मुराळी म्हणून जाऊन घेऊन येतो, झाडाला झोका बांधायचा, आणि लाडू करायचे, उंडी म्हणतात इकडं, दाण्याची, तिळाची, रव्याची, डाळ्याची. परत जाताना लेकीला डबा भरून द्यायचा, तिथं तिची सासू झाकण उघडून बघत असते. शालन दरवर्षी यायची, तीन पोरं घेऊन, सहा दिवस. आली की घर भरून जायचं. पदर खोचून झोक्यावर उभी राहायची आणि ओरडायची, वैनी, जोरात ढकल की ग, भाकरी खाल्ली नाहीस का आज. मला ती आवडायची हो. हे पण लिहा. ती मला आवडायची.

मग कारखान्याला टाळं लागलं. नव्वदनंतरची ती वर्षं, कुणाकुणाचं असंच झालं. हे चार महिने वाट बघून गोव्याकडं कंत्राटी कामाला गेले, तिथनं मनिऑर्डर यायची, कधी यायची, कधी नाही. मी हात आखडला. तेल पळीनं मोजून. चहाला साखर नाही, गूळ, तो पण प्रत्येकाचा खडा ठरलेला. आत्याबाई म्हणाल्या, मला बिनगुळाचा दे ग, तोंडाला मिठी बसते. माझा खडा मी नंतर नुसता खाईन. मी खडा त्यांच्या हातावर ठेवायची. दुपारी त्या शेजारी जाऊन बसायच्या, मला वाटायचं, चला, गप्पा मारतात, जीव रमतो.

आषाढ संपत आला. पंचमी. चार माणसं, सहा दिवस, वर लाडू, वर शालनला खण. मी रात्रंदिवस तेच जुळवत होते आणि काही केल्या जुळत नव्हतं. आणि आत्याबाई म्हणाल्या, मुराळी जायला तो नाही, तर कार्ड टाकू या. तू लिही, मी सांगते. त्यांना लिहायवाचायला येत नव्हतं.

त्यांनी सांगितलं ते असं. शालन, पंचमीला ये. तुझा अण्णा गावाला गेलाय, मुराळी नाही म्हणून बसू नको, पोरांना घेऊन एकटी ये. काय असंल ते खाऊ. तुला बघून वरीस झालं. लाडवांची काळजी करू नको, मी बघितलंय.

मला त्या शेवटच्या शब्दाचा राग आला. मी बघितलंय म्हणजे काय बघितलंय? आणणार कोण, तर मीच की. आणि काय सांगू तुम्हाला, त्या माझ्यासमोर पाटावर बसून एकेक शब्द सांगत होत्या, आणि मी मान खाली घालून लिहीत होते, मुलींना देवी आल्यात, घरात कढई चढवायची नाही, तुझी पोरं लहान, ह्या वर्षी येऊ नको, आईंनीच सांगितलंय. कांजिण्यांना आम्ही देवीच म्हणतो, आणि देवी आलेल्या घरात कुणी येत नाही, तळण नाही, फोडणी नाही, लाडू तर नाहीतच. पाव्हणी पण टळली आणि खर्च पण टळला, असं डोकं चाललं माझं. बाजारात चालायचं तसंच. धडधाकट मुली अंगणात खेळत होत्या, त्यांच्यावर मी देवीचं नाव घातलं.

आत्याबाई म्हणाल्या, वाच बघू. मी कार्ड हातात धरलं आणि त्यांनी सांगितलेलं म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. अजून चुकत नाही. त्यांनी कार्ड कपाळाला लावलं आणि माझ्या हातात परत दिलं नाही, स्वतः काठी टेकत पेटीपर्यंत गेल्या आणि टाकून आल्या.

पंचमीच्या दोन दिवस आधी त्यांनी चिंचेला झोका बांधून घेतला. मग उंबऱ्यावर बसल्या. बस थांबली की उठायच्या. ही हुबळीची नुसती, गदगची मागनं असंल. मग म्हणायच्या, पोरं घेऊन यायचं म्हणजे उशीर होतोच की. पंचमीच्या दिवशी दुपारपर्यंत असंच. मग उठल्या, मला म्हणाल्या, माळ्यावर पिठाच्या डब्यामागं एक गाठोडं आहे, काढ.

त्यात गूळ होता. त्यांच्या चहातले खडे, दोन महिन्यांचे. आणि शेंगदाणे, चांगले पायलीभर. शेजारी दुपारी जायच्या ते शेंगा फोडायला, मजुरी पैशात न घेता दाण्यात घेतलेली. तुझ्यावर भार नको म्हणून सांगितलं नाही ग, म्हणाल्या. शालन आली नाही तर नाही, मुलींना तरी कर.

माझ्या बाजारातला एक पैसा जाणार नव्हता, कळलं का तुम्हाला? मी मोठी काटकसरीची. मी लाडू वळत होते. आत्याबाई बाजूला बसल्या होत्या, त्यांनी शालनचा वाटा डब्यात घालून वर ठेवला. तिच्यावर राग धरू नको हं, मलाच समजावत होत्या, सासू सोडत नसंल. मग म्हणाल्या, पण एक कार्ड तरी टाकायचं की ग तिनं.

कार्ड आलं होतं. चार दिवस आधीच आलं होतं. मुली कशा आहेत, आईनंच नको म्हटलं म्हणून येत नाही, फार मनाला लागलं, असं. ते मी चुलीत घातलं होतं.

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. मला वाटलं, दिवाळीला बोलवू, हे येतील, सगळं सारखं होईल. दिवाळीच्या आधी आत्याबाईंना ताप भरला, तिसऱ्या दिवशी गेल्या. लेक मला विसरली, असं मनात धरून गेल्या. शालन आली ती मातीलाच.

बाराव्याच्या आदल्या दिवशी शालन माझ्या मुलींची वेणी घालत होती. धाकटीची हनुवटी धरून तिनं तोंड उजेडाकडं वळवलं, अंगठा कपाळावरनं फिरवला, गालावरनं फिरवला. मग थोरलीचं बघितलं. एक वण नाही. मग माझ्याकडं बघितलं. मी पीठ चाळत होते. ती एवढंच म्हणाली, वैनी, पीठ सांडतंय बघ.

विचारलं असतं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नाही विचारलं. त्यानंतर पंचमीला आली नाही. हे दरवर्षी मुराळी जातात, ती ह्यांना जेवायला घालते आणि म्हणते, आई नाही अण्णा, आता कशाला. आणि ह्यांच्याच हाती लाडवांचा डबा धाडते. घरचे खातात. मी नाही खाल्ला एकदाही. ह्यांना ठाऊक नाही, त्यांना वाटतं मला दाणे सोसत नाहीत.

आता सगळं बरं चाललंय. ह्यांना हुबळीला केशवापुरात दुकानात काम मिळालं, मुली शिकल्या, दोघी नोकरीला. गुळाची ढेप घरात असते, कुणी खडे मोजत नाही. मी अजून दिवेलागणीलाच बाजारात जाते, सवय. गेल्या आठवड्यात मात्र सकाळी गेले आणि गूळ घेतला, दाणे घेतले, तीळ घेतले. दुकानदार आता म्हातारे झालेत, म्हणाले, काय अक्का, आज भाव विचारला नाही? मी म्हटलं, राहिला विचारायचा.

त्याच दिवशी एक कार्ड आणलं आणि लिहिलं. ‘शालन, पंचमीला ये’ इथपासनं ‘मी बघितलंय’ इथपर्यंत, आत्याबाईंनी सांगितलं होतं तसं. खाली लिहिलं, आईंनी हे सांगितलं होतं, मी दुसरं लिहिलं. पेटीत टाकून आले. ह्यांना आज संध्याकाळी सांगणार आहे, म्हणून आधी तुमच्याजवळ बोलून बघितलं.

अजून उत्तर नाही. आली तर झोका बांधलाय. नाही आली तर तिचं बरोबर आहे, देव तिला आणि तिच्या पोरांना सुखात ठेवो. आता तुम्ही लिहिलेलं मला एकदा वाचून दाखवा. माझा चष्मा कालच फुटलाय, मला दिसत नाही. मी सांगितलं तसंच लिहिलंय ना?