अर्ध्या दाताचे पाच दिवस

—आणि हात वर करायचा तो दुखलं तरच, दादा. मला अडवायला नाही, टोमणे मारायला नाही. कळलं? मान नको हलवू, आत्ताच सुई टोचलीय, नुसते डोळे मिचकाव. हां. शहाणा आहेस. बघ, जन्मात पहिल्यांदा असं होतंय की मी बोलतेय आणि तू ऐकतोयस — आणि तेही तोंड उघडं ठेवून! मला कधीपासून हवा होता हा दिवस. लोकांना सांगायची सोय नव्हती मला. सख्खी आतेबहीण दातांची डॉक्टर, आणि मामाचा थोरला मुलगा पुढचा अर्धा दात घेऊन गावभर हिंडतोय. ‘ये रे दादा, तासाभराचं काम आहे’ — किती वेळा सांगितलं? दर वेळी तुझं एकच, ‘तो माझा मानाचा दात आहे.’ मानाचा! मग परवा कडक टोस्ट चावताना उरलेल्या मानाचाही टवका उडाला, तेव्हा कशी आठवली बहीण? खोटं बोलतेय मी, तुला कुठली आठवतेय. लेकीने फोन केला मला. ‘आत्या, बाबांना मी धरून आणते, तुम्ही सोडू नका.’ बाहेर बसलीय बघ, दाराशीच, तू पळशील म्हणून.

जरा वर बघ, दिव्याकडे. ही पट्टी दिसतेय? दातांचे रंग आहेत यावर. शेजारच्या दाताशी जुळवून घ्यायचा, म्हणजे जोड दिसत नाही. तुझा रंग कुठला म्हणायचा हा... पट्टीवर नाहीच. पट्टी करणाऱ्याने दिवसाला सात कप चहा पिणारा माणूस पाहिला नसेल. बरं, हा चालेल. हसू नकोस, ओठ हलतोय. आता हे निळं लावतेय, आंबट लागलं तर गिळू नकोस.

तर काय म्हणत होते — मानाचा दात. त्याची गोष्ट मी तुझ्या तोंडून किती वेळा ऐकलीय माहितीय? घरात चार माणसं जमली की तू सुरू. ‘वखारीच्या छपरावरून मी झेप घेतली, तेवढ्यात वारा फिरला...’ वारा कसला फिरतोय रे भर उन्हाळ्यात, पान हलत नव्हतं! पण तू सांगायचास आणि पोरंटोरं आ वासून ऐकायची. आणि मी? मी तेव्हा कुठे असायचे, आठवून बघ. स्वयंपाकघरात. ताटं गोळा करायला. तुझी गोष्ट सुरू झाली की मला बरोबर ताटं आठवतात. पाहुण्यांना वाटायचं, काय कामसू बाई आहे.

पाणी मारतेय. घे ओढून. हं.

खरं सांग, तुला ती सुट्टी दिसते का रे अजून? मला दिसते. शेवटचा पेपर संपला की घरी येऊन दप्तर पलंगाखाली ढकलायचं — हाताने नाही, पायाने. बोटांवर शाई तशीच. दुसऱ्या सकाळच्या गाडीने आई मला घेऊन तुमच्याकडे यायची, आणि मग वार, तारीख, घड्याळ, सगळं बंद. घड्याळ एकच, मामाच्या वखारीतली ती मोठी करवत. ती थांबली की बारा वाजले. कामगार डबे उघडायचे, घरातली मोठी माणसं जेवून आडवी व्हायची, आणि चारपर्यंत राज्य आपलं. आपलं म्हणजे तुझं. सरदार ना तू! कोणी नेमलं होतं? कोणी नाही, स्वतःच. मी आणि तुझे दोघे धाकटे भाऊ, तीन शिपाई. ओंडक्यांवरून पळायचं, कुंपणाबाहेरच्या झाडाची तुती चोरायची, जिभा जांभळ्या झाल्या तरी ‘आम्ही नाही’ म्हणून शपथा घ्यायच्या. पत्त्यात तू लबाडी करायचास आणि पकडलं की म्हणायचास, सरदाराचे नियम वेगळे. आणि शुद्धलेखन? चाळीस दिवसांची चाळीस पानं मी शेवटच्या दोन दिवसांत लिहायची, नि तू शेजारी लोळत सल्ले द्यायचास, ‘मध्येच पेन बदल, म्हणजे बाईंना वाटेल रोज लिहिलंय.’ माझी तर माझी, तुझी पण पानं मीच लिहायची! तेरा वर्षांच्या घोड्याचं अक्षर एकाएकी दहा वर्षांच्या पोरीसारखं गोल झालं, तुमच्या सरांना शंका कशी आली नाही, देव जाणे.

आणि मग उडी. शेडच्या छपरावरून खालच्या भुशात. केवढा ढीग असायचा तो — मऊ, गरम, ओल्या लाकडाच्या वासाचा. तुम्ही तिघं धडाधड उड्या मारायचात, नाकाकानात भुसा, चड्डीत भुसा, मामी अंगणात उभं करून अंगावर बादल्या ओतायची. मी मात्र रोज शिडीने वर यायचे, कडेला उभी राहायचे, खाली बघायचे आणि शिडीनेच उतरायचे. ‘भित्री भागूबाई!’ तीन वर्षं. रोज. चिडवायला काही कमी केलं नाहीस तू. डोळे मिटून घे आता, हा निळा दिवा लावतेय, याने सिमेंट घट्ट होतं. दहापर्यंत मोज. मनात.

आता सांगू का तुला एक? तोंड तर बंदच आहे तुझं. म्हणजे उघडं आहे, पण बंद. त्या वर्षी आम्ही निघायला एक दिवस उरला होता ना, तेव्हा मी तुमच्या जेवणाच्या टेबलाखाली बसले होते. का? साखर लावलेला ब्रेड खायला, आईला न सांगता. आणि मामी आली, आई आली. मामी म्हणाली, वखारीचं ठरलं, पावसाळ्यानंतर दुसरा मालक. यांना लांब नोकरी मिळालीय, दोन दिवसांचा प्रवास. आई म्हणाली, म्हणजे पोरांची ही शेवटचीच सुट्टी. मी तो ब्रेड हातात धरून बसले. त्यांनी पोरांना सांगायचं नाही असं ठरवलं, उगीच शेवटचा दिवस खराब नको. आणि आमची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची.

एवढं काय वर करतोयस हात? दुखतंय? कसं दुखेल, पूर्ण बधिर केलंय मी. ठेव खाली. दुसरा थर देतेय, हलू नकोस.

मग मी काय केलं — दहा वर्षांची पोर डोकं चालवणार ते किती! मला वाटलं, कोणाला तरी लागलं तर आई जाणार नाही. कोणाला म्हणजे मलाच. पाय मुरगळला की झालं. जेवणं झाली, सगळे झोपले, तुम्ही तिघं पत्ते कुटत बसला होतात माडीवर. मी शेडमागे गेले, घमेलं घेतलं आणि ढिगाच्या मधला भुसा उपसून कडेला टाकला. घामाने निथळत होते. मग वरून दिसू नये म्हणून पातळ थर पसरला. एखादी फळी वगैरे असेल त्याखाली, हे माझ्या डोक्यातच आलं नाही, दादा. शपथ. खाली ओंडका होता ते मला माहीत नव्हतं. नंतर शिडीने वर गेले. उभी राहिले. एक, दोन, तीन म्हटलं. परत म्हटलं. आणि पायच उचलेना. आयुष्यात एकदाच उडी मारायची, तीही पडण्यासाठी — तेवढंही जमेना मला! तेवढ्यात तू वर आलास. ‘हो बाजूला, भागूबाई.’ आणि गेलास.

थांब. हात खाली. मला संपवू दे, नाहीतर पुन्हा अडतीस वर्षं जातील.

मी ओरडू शकले असते. तू छपरावरून धावलास ना, चांगली पाच-सहा पावलं होती, तेवढ्यात ‘नको’ म्हणता आलं असतं. दोन अक्षरं. नाही म्हटलं. का, हे मी स्वतःलाही विचारलंय. घाबरले म्हणून? की मनात कुठेतरी — जाऊ दे. तू वर आलास भुशातून, तोंड रक्ताने भरलेलं, आणि हातात अर्धा दात. मामाने तशात एक ठेवून दिली तुला. ‘वय काय, उड्या काय!’ आणि तू म्हणालास, चुकलं. एवढंच. मी जिन्यात उभी होते.

आणि पुढचे पाच दिवस — अगदी खरं सांगते, मला लाज वाटते सांगायला — माझ्या आयुष्यातले सगळ्यात छान पाच दिवस होते ते. तुझा ओठ सुजून भोपळा, ताप भरलेला, आई म्हणाली, पोराला असं टाकून कशी जाऊ? राहिलो आम्ही. तू खाटेवर, आम्ही तिघं भोवती. तुला सगळं पातळ करून भरवायचं, गोष्टी वाचून दाखवायच्या. आणि ‘सरदार’ म्हणता येईना तुला! ‘मी थरदार आहे, माझं ऐका.’ हसून हसून पोट दुखायचं आमचं. थरदार! मी हसायचे आणि मग न्हाणीघरात जाऊन रडायचे. मग शाळा सुरू झाली, तुम्ही गेलात, आणि सुट्ट्या आल्या पुढेही, पण त्यात फक्त शाळा नव्हती, एवढंच. माझ्या मुलाला विचार, आईने शेवटची रजा कधी घेतली. त्याला आठवणार नाही. दवाखाना रविवारीसुद्धा उघडा असतो माझा. लोकांना वाटतं, काय कष्टाळू डॉक्टर.

तुझ्या लग्नाचे फोटो पाहिलेत मी, एकेक. एकातही दात नाही. आजही हसताना हात तोंडावर जातो तुझा. जातो! मला सांगू नकोस. समोर बसलेलं असताना माझं लक्ष तिथेच असतं. म्हणून तर तुझ्या लग्नातून लवकर निघाले. गाडीची वेळ वगैरे काही नव्हती.

झालं. आता घासून गुळगुळीत करते, आवाज होईल नुसता. चावून बघ. डावीकडे. उंच लागतोय? नाही ना? घे आरसा. बघ तरी, मेहनत केलीय मी. चूळ भर आणि काय शिव्या द्यायच्या त्या दे.

काय? नीट बोल, ओठ बधिर आहे अजून. खिडकी? कुठली खिडकी?

माडीची. शेडकडे उघडणारी.

नाही. खोटं. तुम्ही पत्ते खेळत होतात — तू खेळत नव्हतास? ...चपला हातात घेऊन, अनवाणी... हो. आवाज होऊ नये म्हणून. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आत्ताही नाही सांगितलं तुला. म्हणजे तू सगळं... घमेल्यापासून?

आणि तरी मारलीस उडी? का? भुसा नाही तिथे, हे डोळ्यांनी पाहिलेलं असून? तुला काय, मामीचं बोलणं तूही ऐकलं होतंस?

आदल्याच दिवशी.

...काय म्हणालास? परत म्हण.

‘तुला जमणार नव्हतं. आणि गाडी तर सकाळी सहाची होती.’

ऊठ. ऊठ म्हणते ना खुर्चीवरून. बघतोयस काय असा, पुढची माणसं ताटकळलीत माझी. दोन तास गरम काही नको, चहा तर मुळीच नको. आणि लेकीला आत पाठव, काळजी काय घ्यायची ते तिला सांगते, तुझ्यावर भरवसा नाही माझा — नको, लगेच नको. पाच मिनिटांनी पाठव. जा ना दादा. दार ओढून घे.